बैठक पक्की, तर किल्ला उभा



बैठक म्हटलं की आपल्याला आधी गटाचीच बैठक आठवते. पंचसूत्रीतलं पहिलं सूत्रच ते आहे, नियमित बैठक. त्यानंतर बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे. पण आज आम्ही दुसऱ्या एका बैठकीबद्दल बोलणार आहोत. किल्ल्याची, नावेची, विमानाची लहान प्रतिकृती ज्या फळीवर उभी करतात, ती बैठक. आणि त्यातही, जिच्यावर पाणी दाखवायचं असतं ती.

हा विषय घेण्याचं कारण सांगतो. दिवाळीत आपली लेकरं अंगणात मातीचे किल्ले करतात आणि आपण त्यांना माती कालवून देतो, अळीव पेरून देतो. गौरी-गणपतीत आरास करतो. म्हणजे हे काम आपल्या हातात आहेच. आमच्या गटातल्या काही जणींनी तेच काम फळीवर आणलं, आणि नळदुर्गच्या पाणी महालाची प्रतिकृती करायला लागल्या. शाळेच्या प्रदर्शनाला, एखाद्या कार्यालयात भेट द्यायला, पाहुण्यांना आठवण म्हणून अशा वस्तूला मागणी येते. पण गिऱ्हाईक भाव करताना एक वाक्य हमखास म्हणतं, "ताई, किल्ल्याचे पैसे देतो, खालच्या फळीचे कशाला?"

त्या फळीचे पैसे का घ्यायचे, हेच आज समजून घेऊ. कारण प्रतिकृती वाकते, भेगाळते, एसटीत तुटते, तेव्हा दहांतल्या बहुतेक वेळा दोष वरच्या किल्ल्याचा नसतो, खालच्या बैठकीचा असतो. आणि बैठकीवर बाईचे जे तास जातात, ते वहीत लिहिलेच जात नाहीत.

आधी जागा नीट बघा

नळदुर्ग आपल्या तुळजापूर तालुक्यात, सोलापूर–हैदराबाद रस्त्यावर. बोरी नदीच्या एका काठाला मोठा किल्ला, दुसऱ्या काठाला रणमंडळ, आणि दोघांना जोडणारा दगडी बंधारा. या बंधाऱ्याच्या पोटातच पाणी महाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली तो बांधला गेला. पावसाळ्यात नदी भरली की बंधाऱ्यावरून पाणी दोन ठिकाणी कोसळतं. एकाला नर म्हणतात, दुसऱ्याला मादी. वरून एवढं पाणी जात असताना आतल्या महालात माणूस कोरडा उभा राहतो. चारशे वर्षांपूर्वीच्या गवंड्यांचं हे काम बघायला पावसाळ्यात लांबून माणसं येतात. याशिवाय उंच उपळी बुरूज आहे, त्यावर तोफा आहेत. पाकळ्या पाकळ्यांचा नवबुरूज आहे.

आता हे सगळं दीड फुटाच्या फळीवर मावणार नाही. मग निवड करायची. आम्ही फक्त बंधारा, पाणी महाल, दोन धबधबे आणि बाजूचा थोडा तट घेतो. तेवढ्यातसुद्धा अंतरं जवळ आणावी लागतात. असं केलं असेल तर खालच्या पाटीवर स्पष्ट लिहावं, "अंतरे प्रमाणात नाहीत". शाळेतली मुलं त्यावरून शिकणार असतात, त्यांना खोटं माप द्यायचं नाही.

किल्ला बघायला जाल तेव्हा मोबाईलवर फोटो भरपूर घ्या. समोरून, बाजूनं, बंधाऱ्याच्या वरून. दगड किंवा माती मात्र तिथून आणू नका. ती जपून ठेवलेली वास्तू आहे. शेताच्या बांधावरची मातीही आपल्या कामाला तेवढीच चांगली.

माप म्हणजे काय

प्रतिकृतीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट माप. समजा आपण एकास दोनशे हे प्रमाण धरलं. म्हणजे खऱ्या जागेवरचे २०० सेंटिमीटर, म्हणजे २ मीटर, आपल्या फळीवर १ सेंटिमीटर होतात. २० मीटर उंच भिंत असेल तर ती १० सेंटिमीटर होईल. आपल्यासारखी १६० सेंटिमीटर उंचीची बाई फक्त ८ मिलिमीटरची होईल. ज्वारीचे दोन दाणे एकावर एक ठेवा, साधारण तेवढी.

ही ज्वारीच्या दाण्यांएवढी बाई बंधाऱ्यावर जरूर उभी करा. ती नसेल तर बघणाऱ्याला भिंत केवढी मोठी ते कळत नाही. ती दिसली की माणूस आपोआप म्हणतो, "बाप रे, एवढा उंच!"

हेच माप पाण्यालाही लागू आहे. एकास दोनशेच्या प्रमाणात तुम्ही एक सेंटिमीटर उंचीची लाट काढली, तर ती खऱ्यात दोन मीटरची झाली, म्हणजे माणसाच्या डोक्याच्या वर. बोरी नदीत अशी लाट कुठून येणार? ती समुद्राची झाली. म्हणून लहान प्रतिकृतीत पाणी जवळजवळ सपाट ठेवायचं. नुसता सुरकुत्यांचा भास पुरतो.

फळी कोणती घ्यायची

बाजारात एमडीएफची फळी स्वस्त आणि गुळगुळीत मिळते. पण तिला पाणी लागलं की ती फुगते, आणि एकदा फुगलेली परत बसत नाही. आपलं काम ओल्या लगद्याचं, म्हणून ती नको. १२ मिलिमीटर जाडीचं वॉटरप्रूफ प्लायवूड घ्या. सुताराच्या दुकानात कपाटं, दारं करून उरलेले तुकडे असतात, ते कमी पैशात मिळतात. १८ इंच बाय १२ इंच हे माप सोयीचं. एका बाईला उचलता येतं, टेबलावर मावतं, खोक्यात बसतं.

कोपरे गुण्या लावून तपासा. कोपरा काटकोनात नसेल तर कडेची पट्टी कधीच नीट बसत नाही. मग सगळीकडून पॉलिश पेपर फिरवा.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची पायरी. फळीच्या वरच्या बाजूला, खालच्या बाजूला आणि चारही कडांना वूड प्रायमर लावायचा. बऱ्याच जणी फक्त वरची बाजू रंगवतात, कारण खालची दिसत नाही. पण भाकरी एका बाजूनं शेकली की कड कशी उचलते ते आपण रोज बघतो. लाकडाचंही तेच. एका बाजूनं ओल पितं, दुसऱ्या बाजूनं पीत नाही, म्हणून ते वाकतं. दोन्ही बाजू सारख्या बंद केल्या की वाकायला कारण राहत नाही.

खालून दोन आडव्या पट्ट्या फेव्हिकॉल लावून स्क्रूनं आवळा. त्यामुळे फळी सरळ राहते आणि उचलताना खाली बोटं घालायला जागा मिळते. चार कोपऱ्यांना जुन्या रबरी चपलेचे तुकडे चिकटवा. टेबलावर ओरखडे पडत नाहीत आणि फळी घसरत नाही. शेवटी पाणसळ ठेवून बघा. पाणसळ नसेल तर ताटलीत पाणी ओतून ताटली फळीवर ठेवा, पाणी कोणत्या कडेला सरकतं ते लगेच दिसतं. ज्या वस्तूवर पाणी दाखवायचं, ती तिरपी असेल तर बघणाऱ्याच्या डोळ्याला खटकतंच.

दोन पातळ्यांचं पाणी

पाणी महालाच्या प्रतिकृतीत खरी मजा इथे आहे. बंधाऱ्याच्या एका बाजूला साठलेलं पाणी उंचावर, दुसऱ्या बाजूला कोसळलेलं पाणी खाली. म्हणजे एकाच फळीवर दोन पातळ्या.

वरची पातळी करायला खोक्याचा जाड पुठ्ठा थरावर थर चिकटवून घ्या. थर्माकोल वापरू नका. २०१८ पासून आपल्या राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. पुठ्ठ्याचे थर चिकटवताना वर पाट ठेवून त्यावर जातं किंवा विटा ठेवा आणि एक रात्र तसंच राहू द्या.

त्यावर कागदाचा लगदा. हा आपल्या आज्या-पणज्यांचा धडा आहे. टोपल्या लिंपायला त्या कागद आणि मेथीचा लगदा करायच्या. जुनी वर्तमानपत्रं फाडून तीन दिवस भिजत घालायची, रोज पाणी बदलायचं. मग पिळून पाट्यावर वाटायची किंवा उखळात कुटायची. वेगळी भिजवून वाटलेली मेथी त्यात घालायची. मेथीमुळे लगदा चिकट होतो आणि किडीला दूर ठेवायला मदत होते. चिकटपणा वाढवायला चिंचोक्याची खळ घाला. घोंगडीला जी खळ देतात तीच. चिंचोके भाजून, टरफल काढून, भिजवून, वाटून पाण्यात शिजवायचे. खळ नसेल तर फेव्हिकॉल चालतो.

लगदा एकदम जाड थापू नका. अर्ध्या बोटाएवढा थर द्या, सुकू द्या, मग दुसरा. सुकवायचा सावलीत, वारा लागेल असा. कडक उन्हात वरचा पापुद्रा आधी सुकतो, आतला ओला राहतो, आणि मग भेगा पडतात. एका थराला चार-पाच दिवस लागतात. भेगा पडल्याच तर त्यात पातळ लगदा भरा. जुलै-ऑगस्टमध्ये हे काम नीट सुकत नाही, बुरशी धरतं. म्हणून सुगी उरकल्यावर, थंडीत आणि उन्हाळ्यात बैठका करून ठेवाव्यात आणि पावसाळ्यात विकाव्यात. नळदुर्गला गर्दीही तेव्हाच असते.

काठावरची जमीन करायला रांगोळी, चाळलेली माती आणि सुकवलेला चहाचा चोथा. चोथा पूर्ण कोरडा हवा, दमट राहिला की पांढरी बुरशी येते. गवताला हिरवा रंग दिलेला लाकडाचा भुसा. झाडांना तुराटीची बारीक टोकं. आपल्या शिवारात याला पैसे पडत नाहीत, पण गोळा करायला वेळ पडतो. तो वेळही लिहून ठेवा.

दगडाचा रंग काळा लावू नका. आपला दगड काळा म्हणतात खरा, पण उन्हात तो करडाच दिसतो. आधी गडद करडा द्या. तो सुकला की ब्रशला फिकट करडा लावून कागदावर पुसून घ्या, आणि तो जवळजवळ कोरडा ब्रश भिंतीवरून हलकेच फिरवा. दगडांच्या कडा उजळतात, सांधे गडद राहतात. भिंत लगेच जुनी आणि खरी वाटते.

पाणी कसं दाखवायचं

पाणी निळं असतं असं चित्रकलेच्या वहीत शिकलेलं असतं. बोरीचं पाणी पावसाळ्यात निळं नसतं, ते चहासारखं गढूळ असतं. पाऊस थांबल्यावर हिरवट होतं. कोणता महिना दाखवायचा ते आधी ठरवा. धबधबा पडतोय म्हणजे नदी भरलेली, म्हणजे पाणी मातकट. मध्ये गडद, काठाला फिकट, कारण काठाला पाणी उथळ असतं आणि तळ दिसतो. दोन रंग जिथे भेटतात तिथे ओल्या ब्रशनं ते एकमेकांत मिसळून घ्या, रेघ राहता कामा नये.

रंग सुकला की हात पुसायचा पातळ टिश्यू पेपर घ्या. त्याचे पदर सुटे करा आणि एकच पदर वापरा. फेव्हिकॉलमध्ये तेवढंच पाणी घालून तो पृष्ठभागावर लावा, त्यावर कागद ठेवा आणि वरून पुन्हा ब्रश टेकवत बारीक सुरकुत्या पाडा. सुकल्यावर त्या सुरकुत्याच लाटा होतात. मग त्यावर पुन्हा पातळ रंग, आणि शेवटी क्लिअर व्हार्निशचे तीन-चार हात. प्रत्येक हात सुकल्यावरच पुढचा. ऑईलचं व्हार्निश काही महिन्यांनी पिवळं पडतं, म्हणून पाण्यावर चालणारं मागा.

धबधब्याला कापूस. पण फुगा नको. कापसाचे तंतू बोटांनी लांब ओढा, फेव्हिकॉलमध्ये बुडवा, वरून खाली लावा. पाणी जिथे वळतं तिथे तंतू घट्ट, जिथे खाली आपटतं तिथे मोकळे. आपटण्याच्या जागी पांढऱ्या रंगाचे ठिपके द्या, फेस दिसतो. फेस धबधब्यापाशीच द्या. दूरवर पाणी पुन्हा शांत दाखवा.

बाजारात आता इपॉक्सी रेझिन मिळतं. दोन बाटल्या मिसळून ओतलं की काचेसारखं पाणी होतं. दिसायला सुंदर, हे खरं. पण त्याच्याबद्दल आम्ही जरा स्पष्ट बोलणार आहोत. दोन्ही द्रव बाटलीवर दिलेल्या प्रमाणातच मिसळावे लागतात. अंदाज चुकला की ते कायमचं चिकट राहतं. मिसळताना ते स्वतःच गरम होतं. जाड ओतलं तर जास्त तापतं आणि तडकतं, म्हणून पाव इंचाहून पातळ थर. दमट हवेत ते धुरकट होतं. आणि ओलं असताना त्वचेला लागलं तर खाज, पुरळ येऊ शकतं. एकदा त्याची ॲलर्जी झाली की पुढे थोडंसं लागलं तरी त्रास होतो. म्हणून नायट्राईलचे हातमोजे, मोकळी पडवी, आणि चुलीपासून, धान्यापासून, लेकरांपासून लांब. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या मैत्रिणीनं हे काम करू नये. तिला रंगाचं, कापसाचं काम द्या. सुकलेलं रेझिन घासावं लागलं तर तोंडाला मास्क बांधा, ती धूळ छातीत जाते. उरलेलं ओलं रेझिन नालीत ओतायचं नाही, पूर्ण घट्ट होऊ द्यायचं आणि मग कचऱ्यात टाकायचं.

गिऱ्हाईक रेझिनचंच पाणी मागत असेल तर त्याचा वेगळा दर सांगा. नाहीतर टिश्यू पेपरचं पाणी तुमच्या हाताला बसलं की फरक ओळखणारे फार थोडे.

पाण्यावरचं विमान

हीच पद्धत दुसऱ्या कामालाही चालते. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मुलं पाण्यावर उतरणारं विमान करतात. पुठ्ठ्याचं असो वा दुकानातून आणलेल्या सुट्या भागांचं, मुलं विमान जोडतात आणि मग ते नुसतं टेबलावर ठेवतात. ते पाण्यावर चालतं हे कुणाला कळणार?

अशी सेवा आपल्या शेजारी गुजरातेत ३१ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाली होती, अहमदाबादच्या साबरमती नदीतून केवडियाला. ते ट्विन ऑटर जातीचं, १९ आसनांपर्यंत जागा असणारं विमान. त्याला चाकांच्या जागी होडीसारखे दोन लांब तरंगे असतात. खरं विमान साधारण १५.८ मीटर लांब आणि पंखांची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची रुंदी १९.८ मीटर. मॉडेल करणारे एकास बहात्तर हे प्रमाण खूप वापरतात. त्या मापात विमान २२ सेंटिमीटर लांब आणि पंख साडेसत्तावीस सेंटिमीटर होतात. म्हणून बैठक किमान ३५ सेंटिमीटर चौकोनी हवी, म्हणजे पंखाचं टोक फळीच्या बाहेर येणार नाही आणि धक्का लागून तुटणार नाही.

इथे एक बारकावा. तरंगे पाण्यावर टेकलेले नसतात, थोडे पाण्यात बुडालेले असतात. नुसते वर चिकटवले तर विमान काचेवर ठेवल्यासारखं दिसतं. म्हणून लगदा ओला असतानाच तरंग्यांना पातळ प्लास्टिक गुंडाळून ते हलकेच दाबा आणि काढून घ्या. खाच उरते. पाणी रंगवून झालं की विमान त्या खाचेत बसतं. पुसायला, दुरुस्तीला काढताही येतं. विमान उभं दाखवायचं असेल तर पाणी शांत. चालतं दाखवायचं असेल तर प्रत्येक तरंग्याच्या मागे फेसाची रेघ, पुढे नाही. विमान फळीच्या कडेला समांतर न ठेवता जरा तिरपं ठेवा, आणि त्याच्या नाकासमोर जास्त जागा सोडा. पुढे जायला वाट आहे असं वाटलं पाहिजे.

हे काम घेताना शाळेच्या मुलांना विमान त्यांचं त्यांनाच करू द्या. आपण बैठक करायला शिकवायची, त्याची फी घ्यायची.

कड, पाटी आणि प्रवास

चारही बाजूंनी लाकडी पट्टी लावा. पट्टी पाण्याच्या पातळीपेक्षा किंचित वर असू द्या, म्हणजे कडेला थर सुटत नाहीत. पट्टीला एकच गडद रंग. रंगीबेरंगी पट्टी लावली तर डोळा पट्टीवरच अडकतो.

समोर पाटी. जागेचं नाव, साल, प्रमाण, आणि खाली गटाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा धाराशिव. गटाचं नाव लाजून मागच्या बाजूला लिहू नका. तेरच्या संग्रहालयात गेलात तर मांडलेल्या वस्तूंबरोबर खालची मांडणीही बघून या. कोणती वस्तू किती उंचावर ठेवली, पाटी कुठे लावली, हे बघण्यासारखं असतं.

प्रवासात वस्तू दोन कारणांनी तुटते. ती खोक्यात हलते, किंवा वरून काही पडतं. यावर सोपा उपाय आहे. बैठक खोक्याच्या तळाला खालून दोन स्क्रूनं आवळून टाका. स्क्रू खालच्या पट्ट्यांत गेले पाहिजेत. मग भुसा, कागद काही कोंबायला नको, उलट कोंबलेल्या कागदानंच नाजूक भाग मोडतात. खोकं प्रतिकृतीपेक्षा चार बोटं उंच घ्या. वर "ही बाजू वर" असं मराठीत मोठ्या अक्षरात लिहा आणि बाण काढा. मुंबईला महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनाला माल न्यायचा असेल तर हे खोकंच तुमचा विमा आहे.

फळीचे पैसे

आता हिशोब. हे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्या गावचे दर घालून तुम्ही पुन्हा मांडा. समजा एका बैठकीला प्लायवूड, पट्टी, प्रायमर, फेव्हिकॉल, रंग, व्हार्निश मिळून ४२० रुपयांचं सामान लागलं. आता तास मोजा. फळी घासणं आणि प्रायमर २ तास, पुठ्ठा आणि लगदा ५ तास, जमीन आणि झाडं ३ तास, पाणी आणि धबधबा ३ तास, कड, पाटी, खोकं १ तास. झाले १४ तास. ताशी ५० रुपये धरले तर ७०० रुपये. वाहतूक आणि तुटफूट ८० रुपये. एकूण १,२०० रुपये. त्यावर गटाचा १० टक्के नफा १२० रुपये. म्हणजे १,३२० रुपये, आणि यात किल्ला अजून धरलेलाच नाही.

बघा, सामानापेक्षा बाईच्या तासांचा आकडा मोठा आहे. "सामान तर चारशेचंच आहे की" असं म्हणून कुणी पाचशे रुपये देऊ केले, तर ८० रुपयांत १४ तास झाले. तासाला सहा रुपयेही नाहीत. हे आपण तोंडी मान्य करतो, कारण ते तास घरकामाच्या मध्ये मध्ये, रात्री दिव्याखाली गेलेले असतात आणि आपल्यालाच ते काम वाटत नाही. वहीत लिहिलं की ते काम होतं. गिऱ्हाइकाला भाव सांगताना आवाज खाली जात नाही.

म्हणून प्रत्येक बैठकीबरोबर एक कागद ठेवा. तारीख, कोण, कोणतं काम, किती वाजता सुरू, किती वाजता बंद. एकजण सलग करत नसेल तर चौघींचे तास वेगवेगळे. पैसे आले की त्याच कागदावरून वाटणी. भांडण होत नाही. आणि ऑर्डर घेताना पंधरा दिवसांची मुदत आणि अर्धी रक्कम आगाऊ, कारण लगदा कुणाच्या घाईनं सुकत नाही.

तर मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. सुताराकडून एक उरलेला तुकडा आणा, एक वीत बाय एक वीत पुरे. त्यावर किल्ला नको, विमान नको, नुसतं पाणी करा. आपल्या गावची नदी, ओढा, विहीर, तलाव, जे रोज बघता ते. दोन्ही बाजूंनी प्रायमर लावा आणि तास लिहा. महिन्यानं ती फळी सपाट जमिनीवर ठेवून बघा. चारही कोपरे टेकले, तर तुम्ही ऑर्डर घ्यायला तयार आहात.